प्रयोगशाळेतला किरणोत्सारी द्रव कचरा : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे संशोधन प्रयोगशाळांत तयार होणाऱ्या किरणोत्सारी द्रव कचऱ्याविषयी आहेत. अणुभट्ट्यांच्या कचऱ्यावर मराठीत वेळोवेळी लिहिले जाते. विद्यापीठातल्या एखाद्या खोलीत, फ्यूम हूडखाली (वाफा बाहेर खेचणाऱ्या कपाटाखाली) साठत जाणाऱ्या कॅनविषयी मात्र सहसा कोणी लिहीत नाही. त्या कॅनशी रोजचा संबंध असतो तो विद्यार्थ्यांचा, प्रयोगशाळा सहायकांचा आणि सफाई करणाऱ्यांचा. म्हणून या वेळचे संपूर्ण सदर याच विषयासाठी ठेवले आहे.

प्रश्न : मी जैवरसायनशास्त्रात पीएच.डी. करते. आमच्या प्रयोगशाळेत फॉस्फरस-३२ आणि सल्फर-३५ हे समस्थानिक (मूलद्रव्यांचे किरणोत्सारी प्रकार) नियमित वापरले जातात, ट्रिशियम आणि कार्बन-१४ अधूनमधून. वापरून झालेली द्रावणे, बफर आणि भांड्यांचे धुवण या सगळ्यांसाठी वीस लिटरचा एकच कॅन आहे आणि तो आता भरत आला आहे. भरपूर पाणी सोडून थोडे थोडे बेसिनमध्ये ओतले तरी चालते, असे काही वरिष्ठ सांगतात. ते बरोबर आहे का? नसेल तर आम्ही काय करावे? (संशोधक विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : भरलेल्या कॅनचे काय करायचे ते पुढे सांगतो. त्याआधी सगळ्यांसाठी एकच कॅन का ठेवू नये, हे समजून घ्या, कारण तुमच्या बहुतेक अडचणी तिथूनच निघाल्या आहेत. फॉस्फरस-३२ चे अर्धायुष्य, म्हणजे किरणोत्सार निम्मा व्हायला लागणारा काळ, १४.३ दिवस आहे, सल्फर-३५ चे सुमारे ८७ दिवस, ट्रिशियमचे १२.३ वर्षे आणि कार्बन-१४ चे सुमारे ५,७३० वर्षे. दहा अर्धायुष्ये उलटली की मूळ किरणोत्साराचा १,०२४ वा भाग उरतो. फॉस्फरस-३२ च्या बाबतीत त्याला १४३ दिवस लागतात, म्हणजे पाच महिनेही नाहीत. समजा, एका प्रोबच्या (जनुक शोधण्यासाठी खूण लावायच्या डीएनए तुकड्याच्या) लेबलिंगनंतर ५० मायक्रोक्युरी, म्हणजे साडेअठरा लाख बेकरेल (सेकंदाला तेवढ्या अणूंचा क्षय) इतका फॉस्फरस-३२ धुवणात गेला. ते धुवण स्वतंत्र बाटलीत ठेवले असते, तर १४३ दिवसांनी त्यात जेमतेम १,८०० बेकरेल उरले असते आणि मोजणी करून, नोंद करून त्या बाटलीतून मोकळे होता आले असते. त्याच बाटलीत कोणी एक मायक्रोक्युरी कार्बन-१४ टाकला असेल, तर त्याचे ३७,००० बेकरेल तुमचा प्रबंध पूर्ण होईल तेव्हाही तेवढेच असतील आणि तुमच्या नातवंडांच्या काळातही जवळपास तेवढेच राहतील. मिश्र कॅनमध्ये सर्वांत दीर्घायुषी समस्थानिकाचा नियम संपूर्ण वीस लिटरला लागू होतो. त्यामुळे जो कचरा काही महिन्यांत आपोआप संपला असता, तो कॅनमध्ये अडकून पडतो.

म्हणून वर्गवारी पहिल्या थेंबापासून करावी लागते, नंतर ती करता येत नाही. फॉस्फरस-३२ साठी एक कॅन, सल्फर-३५ साठी दुसरा, आयोडीन-१२५ वापरत असाल तर त्याचा तिसरा, आणि ट्रिशियम व कार्बन-१४ यांचे अगदी वेगळे. एक कॅन भरला की तो बंद करून तारीख टाकावी आणि नवा सुरू करावा. जुन्यात पुन्हा ओतले तर घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू होते. सल्फर-३५ ला दहा अर्धायुष्यांसाठी जवळपास दोन वर्षे पाच महिने लागतात आणि आयोडीन-१२५ ला वीस महिने. जागेचा हिशेब त्या मानाने आधीच करावा लागतो. अर्धायुष्यांबरोबर रसायनांचीही फारकत हवी. फिनॉल-क्लोरोफॉर्म किंवा टोल्युईन, झायलीन असलेला सिंटिलेशन द्रव (मोजणीसाठी नमुन्यात मिसळतात तो) हा पाण्यातल्या कचऱ्यात कधीही मिसळू नये, कारण त्यातला किरणोत्सार संपल्यावरही तो ज्वालाग्राही आणि विषारीच राहतो.

कॅन पॉलिथिनचा असावा, काचेचा नसावा. तो तीन चतुर्थांशांहून अधिक भरू नये आणि फुटला तर सगळा द्रव मावेल एवढ्या खोल ट्रेमध्ये ठेवावा. ज्या कचऱ्यात जैविक पदार्थ आहेत तो आंबतो, त्यातून वायू सुटतो आणि घट्ट झाकणाचा कॅन फुगतो. त्यासाठी हवा जाऊ देणारे झाकण मिळते. फॉस्फरस-३२ चा कॅन एक सेंटिमीटर जाडीच्या ॲक्रिलिकच्या आडोशामागे ठेवावा. शिशाचा पत्रा अधिक सुरक्षित वाटतो, पण फॉस्फरस-३२ चे १.७१ मेगाइलेक्ट्रॉन व्होल्टपर्यंतच्या ऊर्जेचे बीटा कण (वेगवान इलेक्ट्रॉन) जड धातूवर आदळून क्ष-किरण निर्माण करतात. ॲक्रिलिकमध्ये ते फारसे क्ष-किरण निर्माण न करता थांबतात. कॅनवरच्या चिठ्ठीत समस्थानिक, ओतल्याची तारीख, अंदाजे सक्रियता (किती बेकरेल), रासायनिक घटक, सामू (पीएच) आणि ओतणाऱ्याचे नाव असावे. भांड्याचे पहिले आणि दुसरे धुवणही कॅनमध्येच जावे, कारण उरलेल्या किरणोत्साराचा मोठा भाग त्यातच असतो. आयोडीन-१२५ च्या द्रावणात आम्ल किंवा ब्लीच टाकू नये. त्यात आयोडीन वाफ होऊन हवेत जाते आणि श्वासावाटे थेट थायरॉइडमध्ये साठते. ते द्रावण किंचित अल्कधर्मी ठेवून त्यात सोडियम थायोसल्फेट घालण्याची पद्धत आहे.

आता तुमच्या समोरचा कॅन. आजपासून त्यात काहीही ओतू नका आणि त्यातून काही काढूही नका. खरेदी आणि वापराच्या नोंदवहीवरून त्यात कोणता समस्थानिक, किती आणि केव्हा गेला असेल याची यादी करा आणि संस्थेच्या विकिरण सुरक्षा अधिकाऱ्यांना ती लेखी द्या. त्यांच्या देखरेखीखाली थोडासा नमुना काढून लिक्विड सिंटिलेशन काउंटरवर (किरणोत्सारामुळे द्रवात उमटणारा प्रकाश मोजणाऱ्या यंत्रावर) मोजता येईल. फॉस्फरस-३२ आणि ट्रिशियम यांच्या बीटा कणांच्या ऊर्जांमध्ये इतका फरक आहे की यंत्रात ते सहज वेगळे दिसतात. सल्फर-३५ आणि कार्बन-१४ यांची कमाल ऊर्जा मात्र अनुक्रमे ०.१६७ आणि ०.१५६ मेगाइलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे जवळजवळ सारखीच असल्याने यंत्राला ते वेगळे ओळखता येत नाहीत. त्यासाठी तोच नमुना बंद करून ठेवावा आणि तीन-तीन महिन्यांनी पुन्हा मोजावा. जो भाग निम्म्याने उतरत जाईल तो सल्फर, जो जागचा हलणार नाही तो कार्बन. हे काम कंटाळवाणे आहे, पण एका मिश्र कॅनची ही किंमत मोजावीच लागते.

राहिला बेसिनचा प्रश्न. वरिष्ठांच्या सांगण्यात अर्धे तथ्य आहे, आणि अर्धे तथ्य असलेला सल्लाच जास्त घातक ठरतो. पाण्यात पूर्ण विरघळणारा अत्यल्प किरणोत्सारी कचरा ठरावीक मर्यादेत, ठरावीक बेसिनमधून सोडण्याची परवानगी संस्थांना मिळू शकते. भारतात किरणोत्सारी कचऱ्याच्या सुरक्षित विल्हेवाटीचे नियम १९८७ पासून आहेत आणि त्यावर अणुऊर्जा नियामक मंडळाची देखरेख असते. एका वेळी जास्तीत जास्त किती सक्रियता सोडायची आणि सांडपाण्यात महिन्याची सरासरी संहती (दर लिटरमधले प्रमाण) किती असावी, अशा दोन्ही बाजूंनी प्रत्येक समस्थानिकाची मर्यादा ठरलेली असते. पाण्याचा नळ मोठा सोडल्याने संहती कमी होते, एकूण सक्रियता एका बेकरेलनेही कमी होत नाही. आणि ज्या कॅनमध्ये काय आहे हेच ठाऊक नाही, त्याच्या बाबतीत आपण मर्यादेत आहोत असे कोणत्या आधारावर म्हणणार? बेसिनखालच्या वळणात साचलेल्या गाळात किरणोत्सार धरून राहतो आणि तुंबलेला पाइप उघडायला येणारा प्लंबर हातमोजे न घालता तिथे हात घालतो. त्याला कोणी टीएलडी बॅज (अंगावर पडलेल्या किरणोत्साराची नोंद ठेवणारा बिल्ला) दिलेला नसतो. परवानगीचे बेसिन वेगळे का असते, त्यावर ठळक खूण का असते आणि त्याच्या दुरुस्तीआधी सुरक्षा अधिकाऱ्यांना का बोलवायचे असते, याचे उत्तर त्या माणसाच्या हातात आहे.

आणखी एक सुचवावेसे वाटते. प्रयोगाची आखणी करतानाच त्यातून किती मिलीलिटर धुवण निघेल हे लिहून काढा. अनेकदा पाचशे मिलीलिटरच्या धुण्याचे काम शंभरमध्ये भागते. ज्या प्रोबला केमिल्युमिनेसन्स किंवा फ्लुरोसंट टॅग पुरतो, तिथे फॉस्फरस-३२ ची गरजच उरत नाही. न तयार झालेल्या कचऱ्याला ना कॅन लागतो, ना नोंदवही.

प्रश्न : आमच्या प्रयोगशाळेच्या कपाटात ट्रिशियमच्या जुन्या द्रावणांच्या काही बाटल्या आहेत. जीएम काउंटर (किरणोत्सार मोजण्याचे हातातले उपकरण) अगदी जवळ धरला तरी काटा हलत नाही. म्हणजे त्या आता निर्धोक समजाव्यात का? (प्रयोगशाळा सहायक, नागपूर)

उत्तर : नाही. ट्रिशियमच्या बीटा कणांची कमाल ऊर्जा ०.०१८६ मेगाइलेक्ट्रॉन व्होल्ट एवढी कमी असते की ते हवेतच सहा-सात मिलिमीटरमध्ये थांबतात. बाटलीची भिंत किंवा जीएम नळीची खिडकी त्यांना ओलांडता येत नाही. त्यामुळे बाटली नवीन असती तरीही काटा हललाच नसता. तुमच्या छातीवरचा टीएलडी बॅजही ट्रिशियमची नोंद घेत नाही. शरीरात ट्रिशियम गेल्याचा संशय असेल, तर लघवीची तपासणी करावी लागते. बाटलीच्या बाहेरील भागावर आणि कपाटाच्या फळीवर ओलसर गाळणकागद फिरवून स्वाइप टेस्ट करा आणि तो कागद लिक्विड सिंटिलेशन काउंटरवर मोजा. ट्रिशियमच्या बाबतीत खरा भरवसा त्याच मोजणीवर ठेवावा. तोपर्यंत बाटल्यांना हात लावताना दोन जोड्या हातमोजे घाला, कारण ट्रिशियमयुक्त पाणी त्वचेतूनही आत शिरते. ही द्रावणे १२.३ वर्षांच्या अर्धायुष्याची असल्याने कपाटात ठेवून ती संपण्याची वाट पाहणे व्यवहार्य नाही. मोजणी झाल्यावर पुढचा निर्णय सुरक्षा अधिकाऱ्यांनी परवान्यातल्या अटींप्रमाणे घ्यायचा आहे.

प्रश्न : आम्ही मानखुर्दला राहतो. भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या प्रयोगशाळांचे पाणी खाडीत सोडतात, असे लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्यावर काही प्रक्रिया होते की ते तसेच जाते? (गृहिणी, मुंबई)

उत्तर : प्रक्रिया होते, आणि तिचे रसायन समजून घेण्याजोगे आहे. ट्रॉम्बेचे हे केंद्र १९५४ साली सुरू झाले आणि 'अप्सरा' ही अणुभट्टी १९५६ साली कार्यान्वित झाली. तेव्हापासून तिथे प्रयोगशाळांचे आणि अणुभट्ट्यांचे सांडपाणी तयार होत आले आहे. कमी पातळीचे किरणोत्सारी पाणी शहराच्या गटारात जात नाही. ते टाक्यांत गोळा करून प्रक्रिया केंद्राकडे नेले जाते. त्यातले सिझियम-१३७ आणि स्ट्राँशियम-९० हे सुमारे तीस वर्षे अर्धायुष्याचे दोन समस्थानिक अधिक महत्त्वाचे असतात. पाण्यात पोटॅशियम फेरोसायनाइड आणि तांब्याचा क्षार मिसळला की कॉपर फेरोसायनाइडचा साका तयार होतो आणि सिझियम त्याला चिकटून खाली बसते. बेरियम सल्फेट किंवा कॅल्शियम फॉस्फेटचा साका स्ट्राँशियमला धरून ठेवतो. खाली बसलेल्या गाळातले पाणी काढून तो सिमेंटमध्ये पक्का केला जातो आणि काँक्रीटच्या खंदकांत किंवा जमिनीत उतरवलेल्या नळकांड्यांसारख्या विवरांत ठेवला जातो. वरचे पाणी टाकीत थांबवून नमुना तपासला जातो आणि ते मर्यादेत असल्यावर सागरी पाण्यात सोडले जाते. मग तिथला गाळ, मासे आणि पाणी यांचे नमुने नियमितपणे मोजले जातात.

या पद्धतीची एक मर्यादा तुम्हाला ठाऊक असावी. ट्रिशियम हे हायड्रोजनचेच रूप असल्याने ते पाण्याच्या रेणूचाच भाग होते. कोणताही साका त्याला पाण्यापासून वेगळे करू शकत नाही. त्याच्यासाठी मर्यादा आखून विरळ करणे हाच मार्ग उरतो. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यातल्या ट्रिशियमसाठी लिटरला १०,००० बेकरेल ही मार्गदर्शक पातळी ठरवली आहे, तर कार्बन-१४ साठी ती १०० बेकरेल आहे. या दोन आकड्यांवरून त्यांच्या घातकतेतला फरक लक्षात येईल.

इंधनाच्या पुनर्प्रक्रियेतून निघणारा तीव्र किरणोत्सारी द्रव हा अगदी वेगळा विषय आहे. तो कधीच विरळ केला जात नाही, बोरोसिलिकेट काचेत वितळवून पोलादी डब्यांत बंद केला जातो. ट्रॉम्बेच्या शास्त्रज्ञांनी या द्रवातून सिझियम-१३७ वेगळे काढून त्याच्या काचेच्या पेन्सिली बनवल्या. त्या रुग्णांना द्यायच्या रक्तावर किरणांचा मारा करणाऱ्या यंत्रांत वापरल्या जातात. ज्याला आपण कचरा म्हणतो त्याचा असा उपयोग झाला, याचे मला मनापासून कौतुक वाटते.

प्रश्न : द्रव कचरा सांडण्याची भीती असते. तो लाकडाच्या भुशात किंवा तत्सम शोषकात जिरवून घनरूप केला, तर प्रश्न सोपा होणार नाही का? (अभियंता, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : शोषक वापरतात, पण तो कोणता असावा हे त्या द्रवाच्या रसायनावर ठरते, आणि इथे झालेल्या चुकीचे एक मोठे उदाहरण समोर आहे. अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यात कार्ल्सबॅडजवळ मिठाच्या थरात सुमारे ६५५ मीटर खोलीवर प्लुटोनियमयुक्त कचरा पुरण्याची जागा आहे. १४ फेब्रुवारी २०१४ रोजी तिथल्या एका पिंपाचे झाकण आतल्या उष्णतेने आणि वायूच्या दाबाने उघडले आणि थोडे अमेरिशियम व प्लुटोनियम वायुवीजनाच्या मार्गाने जमिनीवर आले. ते पिंप लॉस अलामोस राष्ट्रीय प्रयोगशाळेत भरलेले होते. त्यात नायट्रिक आम्लाच्या प्रक्रियेतून उरलेले नायट्रेट क्षार होते आणि त्यातला द्रव शोषण्यासाठी मांजरांच्या शौचपात्रात वापरतात तसा, पण गव्हापासून बनवलेला सेंद्रिय पदार्थ घातला होता. खनिज शोषक वापरला असता तर काही झाले नसते. सेंद्रिय पदार्थ आणि नायट्रेट एकत्र आले की एक इंधन आणि दुसरे ऑक्सिडीकारक, असे मिश्रण तयार होते. एवढ्या एका निवडीमुळे ती जागा जवळपास तीन वर्षे बंद राहिली आणि २०१७ मध्ये तिथे पुन्हा कचरा उतरू लागला. लाकडाचा भुसाही सेंद्रियच आहे. नायट्रिक आम्ल, परक्लोरेट किंवा पेरॉक्साइड असलेल्या द्रवाजवळ तो आणूच नये. बेंटोनाइट किंवा झिओलाइटसारखे खनिज शोषक वापरावेत आणि तेही सुरक्षा अधिकाऱ्यांनी त्या ठरावीक द्रवासाठी मान्य केल्यावरच. शिवाय अल्पायुषी समस्थानिकाचा द्रव घन करण्याची गरजच नसते. तो द्रवरूपात ठेवून क्षय होऊ देणे सोपे असते आणि त्याची मोजणीही अचूक होते.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागात झिंक युरेनिल ॲसिटेटचे जुने द्रावण आणि युरेनिल नायट्रेटची अर्धी बाटली सापडली. विभागात कधीच 'किरणोत्सारी काम' झालेले नाही. हे सामान्य रसायन म्हणून टाकून द्यावे का? (प्राध्यापक, कोल्हापूर)

उत्तर : टाकून देऊ नये. आपल्याकडच्या अनेक जुन्या महाविद्यालयांत अशा बाटल्या आहेत, कारण सोडियम ओळखण्यासाठी झिंक युरेनिल ॲसिटेटचा पिवळा साका ही एके काळची ठरलेली चाचणी होती. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या प्रयोगशाळांत तर युरेनिल ॲसिटेटचे दोन टक्के द्रावण आजही नमुने रंगवण्यासाठी वापरतात. युरेनियम-२३८ चे अर्धायुष्य सुमारे साडेचारशे कोटी वर्षे आहे. म्हणजे ठेवून क्षय होण्याचा विचार इथे लागूच होत नाही. त्याच्या दर ग्रॅममधून सेकंदाला सुमारे १२,००० अल्फा कण निघतात. बाटलीबाहेरून त्यांचा त्रास नसतो, पण पोटात गेल्यास मूत्रपिंडावर होणारा रासायनिक परिणाम अधिक गंभीर असतो. पाण्याने विरळ करून सोडण्याचा हिशेबही मांडून पाहा. दोन टक्के युरेनिल ॲसिटेटच्या एका लिटरमध्ये सुमारे ११ ग्रॅम युरेनियम असते. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने घालून दिलेल्या लिटरला ३० मायक्रोग्रॅम या पातळीपर्यंत ते आणायचे, तर जवळपास पावणेचार लाख लिटर पाणी लागेल.

बाटल्या आहेत त्याच ठिकाणी, आडव्या होणार नाहीत अशा रीतीने प्लास्टिकच्या ट्रेमध्ये ठेवा आणि कपाटाला कुलूप लावा. वाळलेली भुकटी झाडू किंवा फडक्याने कोरडी झाडू नका. ती श्वासावाटे जाऊ नये म्हणून ओल्या टिश्यूने टिपा आणि तो टिश्यूही बंद पिशवीत ठेवा. द्रावण उकळून कमी करण्याचा मोह टाळा. नंतर प्रत्येक बाटलीवरचे नाव, अंदाजे वजन आणि झाकणाची स्थिती लिहून, बाटलीचे छायाचित्र जोडून प्राचार्यांमार्फत अणुऊर्जा नियामक मंडळाला कळवा आणि त्यांच्या सूचनेप्रमाणे पुढे जा. युरेनियम आणि थोरियम यांचे क्षार सामान्य रसायनांच्या विल्हेवाटीत किंवा भंगारात देता येत नाहीत. २०१० साली दिल्लीतल्या एका विद्यापीठाने जुने, न वापरलेले कोबाल्ट-६० चे उपकरण लिलावात काढले, ते मायापुरीच्या भंगार बाजारात फोडले गेले आणि तिथे काम करणाऱ्या एका माणसाचा त्यात जीव गेला. तुमच्या बाटलीतला किरणोत्सार त्याच्या तुलनेत नगण्य आहे, पण कोणाला न सांगता वस्तू बाहेर जाण्याचा मार्ग तोच आहे. सोडियमच्या मापनासाठी विभागात फ्लेम फोटोमीटर असेल, तर ही चाचणी अभ्यासक्रमातून काढून टाका, म्हणजे अशी बाटली पुन्हा विकत घ्यावी लागणार नाही.